कलमांचे राखणदार

हापूसचा हंगाम आपण चैत्र-वैशाखात मोजतो. बागेत तो आषाढ-श्रावणातच सुरू होतो. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान पावसाची उघडीप बघून बागायतदार कलमाच्या घेराचा व्यास मोजतो. मीटरमागे ३ मिलिलिटर या हिशेबाने कल्टार हे वाढरोधक पाण्यात मिसळतो आणि बुंध्याभोवती पाडलेल्या भोकांत ओततो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ही शिफारस. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. कल्टारमुळे पालवीचा जोर आवरतो आणि मोहोर लवकर, नेमाने येतो. इथवरचं काम घरची माणसं करतात. पुढे माणूसबळ पुरत नाही.

१९९० साली राज्याने रोजगार हमीला जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आणली. कोकणात सुरुंग लावून कातळ फोडले, खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती भरली आणि कलमं लावली. त्याच काळात घरातली पोरं शिकून मुंबईची वाट धरत होती. कलमं वाढली, त्यांच्याखाली वावरणारे हात घटले. ती जागा भरून काढली नेपाळी कामगारांनी. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. घरचं भात कापून झालं, दसरा-दिवाळीसारखे त्यांचे दशैं आणि तिहार आटोपले, की ते रत्नागिरी-देवगडची वाट धरतात आणि मृग लागायच्या सुमारास लावणीला परत जातात. दोन्हीकडच्या शेतीचं वेळापत्रक एकमेकांत इतकं नेमकं बसतं, की आज हापूसचा हंगाम या जुळणीवरच उभा आहे असं मी म्हणेन.

आल्याबरोबर बागेची बेणणी आणि मग फवारण्या. पालवीवर पहिली, बोंगे फुटताना दुसरी, पुढे तुडतुडे, भुरी, करपा यांच्यासाठी आणखी. थ्रिप्स वाढल्यापासून वेळापत्रक कोलमडलंच आहे. एकजण पंपाशी, एकजण पाइप ओढायला, एकजण फांदीवर चढून आतल्या बाजूने मोहोर भिजवायला. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली की धरलेल्या कणीच्या डोक्यावर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. त्यामुळे रोज कलमाखाली जाऊन वर बघणारा माणूस लागतो. कामगाराचं कुटुंब बागेतल्या मांगरात राहतं, राखण करतं, वानरांच्या टोळीमागे दिवसभर गडगे ओलांडत धावतं.

खरी कसोटी मात्र काढणीची. आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा. त्याआधी काढला तर गोडी येत नाही. सोळा आणे होऊ दिला तर साका वाढतो, वरून निर्दोष दिसणारं फळ आत पांढरं, स्पंजासारखं निघतं. चौदा आणे ओळखायचे कसे? देठाशी खळगा पडतो, खांदे देठाच्या वर उचलले जातात, गडद हिरवा रंग किंचित फिका होतो. हे वाचायला सोपं आहे. वीस-पंचवीस फूट उंचीवर, उन्हाकडे तोंड करून, एकाच घोसातल्या चार आंब्यांपैकी नेमके दोन निवडायचे आणि उरलेल्यांना धक्का लागू द्यायचा नाही, ही नजर बसायला अनेक हंगाम जातात. विद्यापीठाचा आंबे काढायचा नूतन झेला हाती आला, तरी कुठलं फळ काढायचं ते माणूसच ठरवतो. देठ थोडा ठेवूनच कापायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर ठेवायचा नाही. म्हणून सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर काढणी, मधल्या वेळात सावलीत वजनाप्रमाणे निवड. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन, लहान असेल तर आठपर्यंत. संध्याकाळी गाडी वाशी मार्केटकडे निघते.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते योग्यच झालं. त्यात मातीचं, हवेचं, बागायतदाराच्या पिढ्यांचं श्रेय आहे. पण आपल्या हाती पडणाऱ्या फळाची गोडी वरच्या फांदीवरच्या त्या निर्णयावरही अवलंबून असते, आणि तो निर्णय घेणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. अवेळी पाऊस, थंडी, उष्णता, वेगाचा वारा यांसाठी हवामान आधारित फळपीक विमा आहे. तो फळासाठी आहे. फांदी मोडून पडणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. उपचाराचा खर्च मालकाच्या माणुसकीवर सोडला जातो. पुष्कळ मालक माणुसकी दाखवतातही, पण हंगामाचा एवढा मोठा भाग दुसऱ्याच्या भलेपणावर सोडणं मला पटत नाही. पेटीमागे थोडी रक्कम बाजूला काढून अपघात विमा उतरवणं बागायतदारांच्या संघटनांना आणि बाजार समितीला जमण्यासारखं आहे.

या कामगारांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न त्याहून अवघड. आपल्याकडे शाळा जूनमध्ये भरते, ही मुलं येतात दिवाळीनंतर. नेपाळात नवं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं, तेव्हा इथे ऐन काढणी चाललेली असते. पोरगं गावी पोहोचेतो तिथला वर्ग दीड-दोन महिने पुढे गेलेला असतो. साखरशाळा काढताना ऊसतोड मजुरांच्या मुलांचा असा विचार महाराष्ट्राने केला होता. नोव्हेंबर ते मे चालणारा, मराठी आणि नेपाळी दोन्ही वाचायला शिकवणारा वर्ग पावस, गणपतीपुळे, देवगड अशा बागांच्या पट्ट्यात, असलेल्या जिल्हा परिषद शाळेच्याच एका खोलीत भरवता येईल. कुठल्या बागेत किती मुलं आहेत, हे दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात त्या त्या वाडीतल्या कुणालाही सांगता येतं. ती यादी करण्यापासून सुरुवात करावी.