गोड्या पाण्याचा अभ्यास आणि सामायिक उपकरणें

मेळघाटच्या डोंगरांतून उतरणारी शहानूर नदी आपल्या अंजनगांवाजवळून वाहत जाऊन पुढें पूर्णेस मिळते. पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यांत मोडतो. तेथील पुष्कळ विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. म्हणून डोंगराकडून येणारें गोडें पाणी आपल्या भागास किती मोलाचें आहे, हें पालकांस निराळें सांगावयास नको. परंतु हें पाणी निरोगी आहे कीं नाहीं, हें कोणीं, कोठें व कोणत्या साधनांनीं पाहावें, याविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचा आमचा हेतु आहे.

एकदां आमच्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांनीं नदीच्या डोहांतील पाणी बाटलींत भरून आणिलें. मध्यें सुटी आली आणि बाटली तीन दिवस कपाटांत राहिली. बूच काढतांच दुर्गंधि आली. तळाशीं हिरवट गाळ बसलेला दिसला. "सर, आणलें तेव्हां पाणी नितळ होतें. मग खरें पाणी कोणतें?" असें त्यांतील एकानें विचारिलें. प्रश्न मार्मिक होता. त्या वेळीं आम्हांस नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देत आहों.

डोहांतील पाणी म्हणजे केवळ एक द्रव पदार्थ नव्हे. तें असंख्य जीवांचें घर आहे. शेवाळ, सूक्ष्म जंतु, किडे व मासे त्यांत एकमेकांच्या आधारानें राहतात. २५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत दर लिटरास सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळून राहूं शकतो. दिवसा सूर्यप्रकाशांत पाणवनस्पति त्यांत भर घालतात. खर्च मात्र सर्व जीव रात्रंदिवस करीत असतात. कपाटांतील अंधाऱ्या बाटलींत जमा बंद झाली आणि खर्च चालूं राहिला. म्हणून चौथ्या दिवशीं आम्ही जें पाहिलें, तें नदीचें पाणी राहिलेंच नव्हतें.

ही अडचण जुनीच आहे. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनीं १८८८ सालीं तिच्यावर उपाय प्रसिद्ध केला. पाणी भरतांच, काठावरच, बाटलींत मँगॅनीजचा एक क्षार व अल्कयुक्त आयोडाइड घालावें. त्यामुळें प्राणवायु तपकिरी साक्याच्या रूपानें जणूं बांधला जातो. नंतर बाटली प्रयोगशाळेंत नेऊन, आम्ल घालून, त्याचें माप काढितां येतें. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, पाण्याच्या अभ्यासाचें अर्धें काम काठावरच उरकावें लागतें.

काठावरचीं कांहीं साधनें अगदीं स्वस्त आहेत. इटलीचे धर्मगुरु व ज्योतिर्विद आंजेलो सेक्की यांनीं १८६५ सालीं पांढरी तबकडी दोरीनें पाण्यांत सोडून पाण्याची पारदर्शकता मोजिली. तबकडी जेथें दिसेनाशी होते, ती खोली लिहून ठेवावयाची, एवढेंच! अशी तबकडी आपले विद्यार्थीहि बनवूं शकतील. परंतु पाण्यांत कीटकनाशकाचा किंवा विषारी धातूचा अंश आहे काय, हें शोधावयाचें झाल्यास ग्रॅमच्या दशलक्षांशाचा हिशेब करावा लागतो. त्याचीं यंत्रें इतकीं महाग असतात, आणि तीं चालविण्यास इतका कुशल मनुष्य लागतो, कीं प्रत्येक शाळेनें वा महाविद्यालयानें तीं विकत घेणें शक्य नाहीं व शहाणपणाचेंहि नाहीं.

आपला वऱ्हाडी शेतकरी ही गोष्ट फार पूर्वींपासून जाणतो. तो आपल्या धुऱ्यावर जिनिंग उभारीत नाहीं. कापूस गाडींत भरून गांवच्या जिनांत नेतो. जिन सर्वांचा, कापूस ज्याचा त्याचा. मात्र कापूस ओला किंवा कचऱ्याचा निघाला, तर उत्तम जिनाचाहि उपयोग होत नाहीं.

विद्येच्या क्षेत्रांतहि असे जिन आहेत. जर्मनींत प्लोन येथें ओटो झकारियास यांनीं १८९१ सालीं सरोवराकांठीं संशोधनगृह उघडिलें; इंग्लंडांत विंडरमियरच्या कांठीं अशीच एक शाळा १९३१ सालीं सुरू झाली. आपल्या जवळ नागपूर येथें पर्यावरणाच्या अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें १९७६ सालीं सूक्ष्म उपकरणांचें केंद्र निघालें. बाहेरील अभ्यासकांचे नमुनेहि तेथें शुल्क घेऊन तपासतात. केंद्र सरकारनें जानेवारी २०२० मध्यें 'आय-स्टेम' ही राष्ट्रीय सूचि सुरू केली. कोणतें यंत्र कोणत्या संस्थेंत आहे हें तींत पाहून दूरच्या अभ्यासकासहि तें वापरण्याची वेळ मागतां येते.

कधीं कधीं तर संबंध तळेंच सामायिक उपकरण होतें! कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत १९६८ सालीं कांहीं तळीं केवळ प्रयोगांसाठीं राखण्यांत आलीं. त्यांपैकीं २२६ क्रमांकाच्या तळ्यांत १९७३ सालीं मधोमध पडदा बांधून दोन भाग केले. दोहोंत नत्र व कर्ब घातले. एकांत मात्र स्फुरदहि घातला. त्याच उन्हाळ्यांत स्फुरदाचा भाग हिरवागार झाला; दुसरा पूर्ववत् राहिला. आपल्या संत्र्याच्या बागांस व पानमळ्यांस आपणहि स्फुरद देतों. तो पावसाबरोबर कोठें जातो, हें पाहण्याचें काम आपलें नव्हे काय?

२०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें गांवोगांवच्या स्त्रियांस पाणी तपासण्याची पेटी वापरावयास शिकविण्यांत येऊं लागलें, व सरकारी प्रयोगशाळांचीं दारें सर्वसामान्यांस उघडीं झालीं. तेव्हां साधनें नाहींत, ही तक्रार आतां पूर्वींइतकी खरी नाहीं. उणीव आहे ती नित्याच्या निरीक्षणाची. नागपुरचा शास्त्रज्ञ दर शनिवारीं शहानूरच्या कांठीं येऊन उभा राहूं शकणार नाहीं. आपले विद्यार्थी, वडीलधारे सोबत असतां, राहूं शकतात. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पाण्याची उष्णता, तबकडीची खोली आणि दिसलेले जीव, इतकें लिहावें. एक वर्ग उत्तीर्ण होऊन गेला कीं वही पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी. पुढें कधीं पाणी बिघडलेंच, तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेंत पाठवितांना ही वहीहि सोबत जाईल, आणि पूर्वी पाणी कसें होतें, हें तेथील शास्त्रज्ञांस तिच्यावरून कळेल.