पडदा वाचवायचा तर रक्तदाबही सांभाळा

डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली की डॉक्टरांना आतला पडदा दिसतो. जुन्या मधुमेहात त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि मेणचट पिवळे डाग असतात. ठिपके म्हणजे केशवाहिन्यांना आलेले फुगे, तर पिवळे डाग म्हणजे त्यांच्या भिंतींतून झिरपून साचलेली चरबी. रुग्णाला मात्र अजून सगळे स्वच्छ दिसत असते, म्हणून ‘डोळे खराब होताहेत’ हे त्याला पटत नाही.

वर्षानुवर्षे वाढलेली साखर केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मारते. हीच साखर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांचे अस्तरही बिघडवते. त्यामुळे पडदा बिघडलेल्या मधुमेहींमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात अधिक आढळतात. पडद्यावर डाग दिसला म्हणजे हृदयविकाराचा झटका येणारच, असे नाही. पण हृदयाची तपासणी लांबणीवर टाकू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

आपल्याकडे सगळे लक्ष साखरेवर असते आणि रक्तदाब मागे पडतो. ब्रिटनमधल्या मोठ्या मधुमेह अभ्यासाचे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष म्हणूनच महत्त्वाचे आहेत. एका गटाचा रक्तदाब सरासरी 144/82, दुसऱ्याचा 154/87. वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा! तेवढ्याने पडद्याचा बिघाड वाढण्याचे प्रमाण 34 टक्क्यांनी आणि पक्षाघाताचे 44 टक्क्यांनी घटले.

फेनोफायब्रेटची गोष्ट तर आणखी विलक्षण. रक्तातली चरबी कमी करणारे हे औषध हृदयासाठी 9,795 मधुमेहींवर तपासले गेले. 2005 मध्ये निकाल आला तेव्हा मुख्य अपेक्षा फोल ठरली होती. हृदयविकाराच्या घटना लक्षणीय घटल्या नव्हत्या. पण औषध घेणाऱ्यांना डोळ्यांवर लेझर उपचार कमी लागले होते. पुढे 2024 मध्ये स्कॉटलंडच्या चाचणीत, पडद्यावर सुरुवातीचे बदल असलेल्यांमध्ये बिघाड वाढण्याचे प्रमाण या औषधाने 27 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हृदयासाठी आणलेले औषध डोळ्यांच्या कामी आले, याचे मला फार अप्रूप वाटते. अर्थात, डॉक्टरांना न विचारता ते सुरू करू नका.

तुमचा मधुमेह टाइप 2 असेल, तर निदान झाल्याबरोबर पडदा तपासून घ्या आणि पुढे दरवर्षी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. नेत्रतज्ज्ञांचा अहवाल मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्याच भेटीत रक्तदाबही मोजायला सांगा.