माहेर नसलेल्या लेकीचे बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा रिवाज आपल्याकडे गरिबातला गरीबही पाळतो. सातव्या महिन्यात लेक आईकडे येते. बाळाला न्हाऊ कसे घालावे, अंगावर कसे पाजावे, हे ती आईच्या हाताकडे पाहून शिकते. पण जी मुलगी बालगृहात किंवा दुसऱ्याच्या घरी वाढली, तिने कोणाच्या दारात जावे?

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ मध्ये मूल संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना त्याच्याही आधीपासून आहे. मात्र हा आधार अठराव्या वर्षी थांबतो. पुढे कलम ४६ प्रमाणे मिळणारी मदत साधारण २१ वर्षांपर्यंतची. पहिले मूल बहुधा त्यानंतर येते. म्हणजे गरज सर्वात मोठी, तेव्हा पाठीशी कोणी नाही.

अशा मुलामुलींच्या मनात एक भीती घर करून असते. 'मला आईची माया मिळाली नाही, मग मी ती देणार कुठून?' या भीतीला अभ्यासाने उत्तर दिले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेरी मेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली आईवडिलांना त्यांच्या बालपणाविषयी विचारून त्यांच्या मुलांकडे पाहिले. बालपण कसे गेले, यापेक्षा ते आज किती सरळपणे, न लपवता सांगता येते, याला अधिक महत्त्व असल्याचे त्यांना आढळले. ज्यांचे बालपण कष्टात गेले, पण जे ते समजून घेऊन बोलू शकत होते, त्यांची मुलेही आईबापांना विश्वासाने बिलगत होती. तेव्हा नवऱ्याने बायकोला, बायकोने नवऱ्याला आपली हकिगत सांगावी. घरच्यांनी टोमणे न मारता ती ऐकावी.

आता व्यवहाराच्या गोष्टी. दवाखान्यात 'घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब आहे का?' असे विचारतात. माहीत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, लाजू नये. रक्त, साखर, रक्तदाब आणि विशेषतः विदर्भात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. गरोदरपणाची नोंद लवकर करावी. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. आशाताई व अंगणवाडीताई अर्ज भरायला मदत करतात.

आणखी एक गोष्ट. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव आणले आहे. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. जिला आपल्या आईचे नावही ठाऊक नाही, तिचे नाव तिच्या लेकराला कायमचे लागते.

बंधूभगिनींनो, आपल्या वस्तीत अशी एखादी सून असेल. तिला 'तुझे माहेर कुठले?' असे चारचौघांत विचारू नका. सव्वा महिना पाळीपाळीने तिच्या घरी डबा न्या. कोणी जाणत्या बाईने सकाळी जाऊन बाळाला न्हाऊ घालावे. नवऱ्यानेही रात्री उठून लंगोट बदलावेत. एवढे चारपाच घरांनी मिळून केले, तरी त्या लेकीला माहेर मिळेल.