महासागरी निक्षेप

महासागरी निक्षेप : महासागराच्या तळावर साचलेला गाळ. उगमानुसार त्याचे भूजन्य, जीवजन्य, जलजन्य व अंतराळजन्य असे चार प्रकार मानतात. चॅलेंजर मोहिमेतील (१८७२–७६) नमुन्यांवरून जॉन मरी व ए. एफ. रेनार यांनी १८९१ मध्ये त्यांचे पद्धतशीर वर्गीकरण केले.

भूजन्य गाळ नद्या, वारा व हिमनद्या जमिनीवरून आणतात. तो किनाऱ्यालगत जाड थरांत साचतो. फोरॅमिनीफेरांच्या कवचांपासून कॅल्शियमी, तर डायाटम व रेडिओलॅरिया यांच्यापासून सिलिकामय चिखल बनतो. साधारणतः ४ ते ५ किमी. खोलीखाली कॅल्शियम कार्बोनेट विरघळत असल्याने तेथे मुख्यत्वे लाल मृत्तिका वा सिलिकामय चिखल आढळतो. मँगॅनिजाचे गोटे जलजन्य, तर उल्काधूळ अंतराळजन्य होय.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी तेथील बेसाल्ट झिजून झालेली स्मेक्टाइटयुक्त काळी माती प्रवरा व मुळा या नद्यांवाटे गोदावरीत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते. गोदावरीच्या मुखासमोरील तळाच्या गाळात गेल्या काही सहस्रकांत दख्खनच्या बेसाल्टी गाळाचे प्रमाण वाढलेले दिसते. वाढती शुष्कता, विरळ झालेले वनस्पतींचे आच्छादन व शेतीचा विस्तार ही त्याची कारणे मानतात. जिल्ह्यातील दायमाबाद, जोर्वे व नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन कृषिवसाहती याच कालखंडातील होत. भंडारदरा (१९२६), जायकवाडी (१९७६) इ. धरणांमुळे आता बराच गाळ वाटेतच अडतो. त्यामुळे जलाशयांची साठवणक्षमता घटते व त्रिभुज प्रदेशास मिळणारा गाळही कमी होतो.