गोदाकाठ घडवताना काठावरच्यांना विचारलं का?

येवल्याला पाणी पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनातून मिळतं, म्हणजे कादवा नदीचं. ती कादवा पुढे नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत मिसळते. त्यामुळे नाशिकचा गोदाकाठ कसा घडवला जातो, हा विषय येवलेकरांना अगदीच परका नाही.

२००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरातल्या नदीपात्रात काँक्रीट ओतलं गेलं. भाविकांची सोय झाली खरी, पण जुनी कुंडं त्याखाली गडप झाली. पुढे गोदाप्रेमी नाशिककरांनी जुने नकाशे धुंडाळून कुंडांच्या जागा दाखवल्या, कोर्टात दाद मागितली. त्या रेट्यानंतर काही कुंडांवरचं काँक्रीट काढायला सुरुवात झाली. हीच माणसं आराखड्याच्या टेबलाशी आधी बसली असती, तर ओतण्याचा आणि फोडण्याचा असा दुहेरी खर्च टळला असता!

काठावरच्यांना ठाऊक असतं ते नकाशात सापडत नाही. गोदेला पूर आला की नाशिककर आकडे नंतर विचारतात, आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला? काठावरचा बुधवारचा बाजारही तसाच. भाजीवाल्या मावशी कुठे बसतात, टेम्पो कुठून वळतो, हे तिथे जाऊनच कळतं.

पुण्यात मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पाविरुद्ध २०२३ मध्ये झाडं वाचवायला नागरिक रस्त्यावर उतरले. तशी वेळ नाशिकवर येऊ नये, कारण इथेही सिंहस्थाची कामं पुन्हा आली आहेत. वॉर्डावॉर्डांत आराखडे मराठीत लावून हरकती मागवायची वेळ निविदा निघण्याआधीची, नंतरची नव्हे.