विश्लेषण : संगीताचा ‘तयार कान’ म्हणजे काय? तो सरावाने घडतो का?

मिरजेत भोपळा, दांडी, खुंट्या आणि तारा जागेवर बसल्या तरी तंबोरा पूर्ण झाला असे मानत नाहीत. जवारी काढायची राहिलेली असते. कारागीर तार ज्यावर टेकते त्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. कधी थांबायचे, हे त्याचा कान ठरवतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला मार्च २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ज्या कानाच्या भरवशावर ही वाद्ये घडतात, तो कान कसा तयार होतो?

ऐकू येणे आणि ऐकणे यात फरक काय?

स्वयंपाक करताना किंवा एसटीच्या प्रवासात मोबाइलवर गाणी सुरू असतात. ती ऐकू येतात, पण लक्ष दुसरीकडे असते. अशी शेकडो गाणी कानावर पडली तरी कान तयार होतोच असे नाही. सक्रिय ऐकणे म्हणजे एक प्रश्न मनात धरून ऐकणे : षड्ज कुठे आहे? सम कुठे आली? सूर चढला की उतरला? त्यासाठी कोणताही सूर ऐकताच ओळखण्याची उपजत देणगी लागत नाही. आपल्या संगीतात षड्ज गायकाच्या गळ्यानुसार ठरतो. त्या षड्जापासून बाकीचे सूर किती अंतरावर आहेत, हे ओळखायचे असते आणि ते सरावाने जमते.

तंबोरा कानाला काय शिकवतो?

तंबोऱ्याची पहिली तार बहुधा पंचमात लावतात. मधल्या जोडीच्या दोन तारा षड्जात आणि शेवटची खर्जात असते. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमात लावतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला, की एका ठिकाणी आवाज अचानक खुलतो. एका तारेतूनच अनेक सूर उमटू लागतात. शांतपणे ऐकल्यास खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार नसतानाही तो उमटतो, म्हणून त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीमुळे हे उपसूर कसे उठून येतात, याकडे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये एका शोधनिबंधातून लक्ष वेधले होते.

दोन तारा जुळल्या, हे कसे कळते?

समजा, एक तार सेकंदाला २४० वेळा कंप पावते आणि दुसरी २४२ वेळा. दोन्ही एकत्र वाजवल्या की आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. खुंटी पिळून किंवा मणी सरकवून तारा जवळ आणल्या की या लाटा मंदावतात. त्या थांबल्या की तारा जुळल्या. नवशिक्या ‘सूर बरोबर वाटतो का?’ असा विचार करत राहतो. जाणकार लाट ऐकतो. फरक इतकाच आहे आणि तो काही आठवड्यांत शिकता येतो.

फक्त पेटीवर सराव केला तर?

पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० वर येतो, तर पेटीचा सुमारे ३०२.४ वर. अंतर लहान आहे, पण तंबोऱ्यासोबत ते खुपते. हा वाद जुना आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींची मोजदाद केली. १९१० मध्ये त्यांचे पुस्तक आले, पुढे श्रुतींची पेटीही घडवण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर खडाजंगी झाली. पेटी टाकून द्यावी असे नाही, पण गंधार तंबोऱ्यावर पारखावा.

पूर्वी कान कसा घडे?

गुरूकडे राहून, रोज ऐकून. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली होती. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. बुवांचेच दुसरे शिष्य अंतूबुवा जोशी सातारा जिल्ह्यातील औंधला होते. त्यांनी सुरू केलेला संगीत महोत्सव आठ दशकांनंतरही आश्विन वद्य पंचमीला भरतो. गुरूच्या मागे बसून तंबोरा छेडणे हाही शिक्षणाचाच भाग असे. शिष्य गात नसला, तरी त्याचा कान कामाला लागलेला असे.

घरी काय करता येईल?

रोज १५ मिनिटे पुरतात.
- पहिली ५ मिनिटे फक्त तंबोरा ऐका. अॅप चालेल, पण इअरफोन हवा. मोबाइलच्या लहान स्पीकरवर खर्ज नीट उमटत नाही. आवाज बेताचा ठेवा.
- पुढची ५ मिनिटे षड्ज लावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. ते ऐकताना लाट कुठे येते, ते शोधा.
- शेवटची ५ मिनिटे एकच छोटी ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐका. अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्या जेमतेम तीन मिनिटांच्या आहेत. पहिल्या दिवशी षड्ज धरा, दुसऱ्या दिवशी सम मोजा, तिसऱ्या दिवशी गायक कोणत्या सुरावर थांबतो ते टिपा.

अॅप असताना हे कशासाठी?

अॅप तारेचा सूर बरोबर आहे का, ते दाखवते. जवारी खुलली का, हे मात्र कानालाच ठरवावे लागते. या कामाकडे नवे हात कमी वळतात, अशी मिरजेच्या कारागिरांची खंत आहे. त्याला दुसरी बाजूही आहे. चांगली आणि बेताची जवारी यातला फरक ओळखणारे गिऱ्हाईकच उरले नाही, तर कारागिराने दिवसभर घोडी घासत का बसावे? मानांकनाने नाव जपले जाईल. तो नाद जपायचा, तर तो ओळखणारे कानही हवेत.