एका प्लगवर किती भार?

खानापूर तालुक्यातल्या गुंजीसह बेळगाव जिल्ह्यात वीज पुरवते हेस्कॉम. घरगुती पुरवठा इथेही देशभरासारखाच: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

मर्यादा (व्होल्ट × अँपिअर = वॅट)
- छोटा प्लग, ६ अँपिअर: सुमारे १,३८० वॅट.
- मोठा प्लग, १६ अँपिअर: सुमारे ३,६८० वॅट.

साधारण भार
- राउटर १०, सेट-टॉप बॉक्स १५, ३२ इंची टीव्ही ५०, दोन मोबाइल चार्जर ४०, एलईडी बल्ब ९ वॅट. एकूण १२४ वॅट, म्हणजे जेमतेम अर्धा अँपिअर.
- इस्त्री १,०००, विजेची किटली १,५००, गिझर २,००० वॅट. एक्स्टेंशन बोर्डावर यांना जागा नाही.

फरक ओळखा
- एमसीबी: भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं की वीज तोडते. वायरिंग वाचवते.
- आरसीसीबी: ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडते. माणसाला वाचवते.
- सर्ज प्रोटेक्टर: व्होल्टेजच्या क्षणिक उसळीपासून उपकरण वाचवतो. जवळ वीज पडल्यास त्याचाही भरवसा नाही. वादळात प्लग काढून ठेवावा.

धोका कुठे?
सैल पिन ठिणग्या पाडते, तापते. भार कमी असल्याने एमसीबी मात्र पडत नाही. बोर्डाला बोर्ड जोडला, तरी सगळा भार भिंतीतल्या पहिल्या प्लगवरच येतो. गुंडाळून ठेवलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही.

खरेदी करताना
तीन पिनी, अर्थिंग असलेला बोर्ड घ्यावा. प्लग-सॉकेटचं भारतीय मानक: आयएस १२९३. वीजपुरवठ्याच्या तक्रारीसाठी क्रमांक: १९१२.